कुंकू लागलेला व्हॉल्व्ह

चाकणच्या आमच्या कारखान्यात पाणबुडीचा व्हॉल्व्ह बनतो, असं मी राहते त्या थेरगावात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. समुद्र कुठे, आपण कुठे! पण बनतो, आणि तो पास की नापास यावर सही माझी असते. खोल पाण्यात तो गळला तर आतल्या माणसांना पळायला जागा नसते, एवढं मला पुरतं.

त्या दिवशी नौदलाचे आणि लष्कराचे मोठे अधिकारी पुण्याहून मुंबईला पाणबुडी पाहायला निघाले होते. वाट थोडी वाकडी करून आमच्याकडे थांबणार होते. मालकांना काय करू नि काय नको झालं होतं. माल बाहेर पडताना खोक्यावर हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा, ही आमची पद्धत. पण तेव्हा व्हॉल्व्ह खोक्यात नव्हता. साहेबांना दाखवायला तोंडावरची टोपणं काढून टेबलावर मांडला होता. मालकांनी भक्तिभावानं कुंकू आणि अक्षता त्यावरच वाहिल्या. अर्धं सगळं सरळ व्हॉल्व्हच्या आत!

मी त्याला नापासाची लाल चिठ्ठी लावली.

"अवो मॅडम, फडक्यानं पुसा की," मालक म्हणाले. "देवाचं कुंकू हाय, ते काय वाईट करनार?"

"पाणबुडीत देव बसणार नाही, माणसं बसणार आहेत. उघडून धुवायचा, परत दाबाखाली तपासायचा. तीन तास लागतील."

"साहेब गेटवर आल्यात!"

"येऊ द्या."

दोघा कामगारांकरवी व्हॉल्व्ह आत धुवायला पाठवला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? पण रागही तेवढाच आला होता.

अधिकारी आले. पांढऱ्या गणवेशातले सगळ्यांत ज्येष्ठ साहेब रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले. मालक "थोडी टेक्निकल अडचण" असं काहीतरी पुटपुटायला लागले.

"अडचण नाही, व्हॉल्व्ह मी अडवलाय," मी म्हणाले. "आत कुंकू गेलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "ठीक है," एवढंच म्हणाले आणि चहाही न घेता निघून गेले. फोटो झाला नाही, हार ताटातच राहिले.

संध्याकाळी व्हॉल्व्ह पास झाला. एक थेंब गळला नाही. मालक सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, "बगा! तसाच दिला असता तर काय बिगडलं असतं?"

"कदाचित काहीच नाही," मी पास झाल्याचा कागद सहीसाठी पुढे ओढला. "पण कदाचितवर मी सही करत नाही."