उंबऱ्यावर ओतलेलं टॉनिक

तर ती टॉनिकची बाटली चावीवाल्याने धाकट्या भावाच्या उंबऱ्यावरच उपडी केली. भावजय बघत राहिली आणि भावाने त्याची कॉलर धरली.

हा चावीवाला माझा जुना मित्र. जिभेचा असा तिखट, की गिऱ्हाईक चावी घेतली की मागे वळून बघत नसे. भावाचं दुकान रस्त्यापलीकडे, धंदा तोच. वडिलांचं चावी कापायचं मशीन कोणाकडे, यावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच.

मग चावीवाला थकायला लागला. बोटांचे सांधे धरले, चेहरा काळवंडला. अंगात लोह कमी असेल म्हणून आधी तोही असंच लोहाचं टॉनिक प्यायला. रक्त तपासलं तर उलटंच, लोह उतू चाललेलं! डॉक्टरीणबाईंनी काय झकास समजावलं म्हणून सांगू. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं, तो हमाल. लोह पाठीवर घेऊन हवं तिथे पोचवतो. दुसरं हेप्सिडिन. ते यकृतातून निघतं आणि आतड्याला दटावतं, पुरे, आता आत घेऊ नकोस. याच्या अंगात ते दटावणंच कमी पडत होतं. हमालांच्या पाठी भरल्या आणि उरलेलं लोह यकृतात, सांध्यांत साचत गेलं. उपाय एकच, अधूनमधून रक्त काढून टाकायचं. नवं रक्त बनवताना शरीर साठलेलं लोह वापरतं. बाई म्हणाल्या, हे आईबापांकडूनच येतं, सख्ख्या भावालाही तपासा, उशीर झाला तर यकृत हातचं जाईल.

धाकट्याचीही बोटं आखडलेली, तोंड तसंच काळं पडलेलं. चावीवाल्याला ते समोरून रोज दिसायचं. त्यात भावजय नवऱ्याला लोहाचं टॉनिक पाजतेय असं कानावर आलं, म्हणून हा गेला. जाऊन बोलला काय? "मूर्खा, बायकोच्या हातून मरायची हौस आलीय का?"

धाकटा म्हणाला, "तुझा रोग माझ्या गळ्यात बांधायला आलास? मी ठणठणीत आहे."

मग बाटली, मग कॉलर, मग ढकलाढकली. सुई टोचून घ्यायचा दम नाही तुझ्यात, असं अख्ख्या गल्लीला ऐकवत हा निघाला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचं दुकान बंद. स्वारी रक्त तपासायला गेली होती, ठणठणीत असल्याचा रिपोर्ट थोरल्याच्या तोंडावर फेकायचा म्हणून. मी चावीवाल्याला म्हटलं, अरे, दोन शब्द गोडीने बोलला असतास तर काय बिघडलं असतं? त्याने कानस खाली ठेवली नाही.

"गोडीने बोललो असतो तर त्याने दार लावून घेतलं असतं. मला खोटं पाडायला मिळणार असेल तर तो रक्तच काय, दातही उपटून देईल."