बिनचिठ्ठीचे डबे

आमच्या वन्संच्या स्वयंपाकघरात सगळे डबे एकसारखे आहेत. एकाच मापाचे, स्टीलचे, आणि एकावरही कसली खूण नाही. मीठ, पिठीसाखर, मैदा, खायचा सोडा, कॉर्नफ्लॉवर, सगळं पांढरं आणि सगळं बारीक. आता बघा, मी काय म्हणाले? 'वन्संचं स्वयंपाकघर'! घर माझं, ओट्याचा दगड मी दुकानं पालथी घालून पसंत केलेला, आणि तोंडातून निघतं काय!

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांचा नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी मुलींच्या एका हॉस्टेलच्या खानावळीत काढलं. शंभर मुलींचा नाश्ता एकहाती करायच्या. ते हॉस्टेल बंद पडलं तेव्हा ह्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. मी दार उघडलं, 'या वन्सं' म्हणाले, तर बाई पिशवी दारातच ठेवून सरळ ओट्यापाशी. "मी कुणाचं फुकट खाणार नाही हं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातातला चमचा घेतला. तो मला परत काही मिळाला नाही.

स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरत बाहेर यावं लागतं. ती एक म्हणजे कायम मी. आत वन्संचा कारखाना. बाजारचं काही म्हणून घरात यायचं नाही. लोणी घरचं, पाव घरचा, टोमॅटोचा सॉस घरचा, शेंगदाण्याचं लोणी घरचं. संत्र्याच्या सालीसुद्धा टाकायच्या नाहीत, त्या साखरेत पाकवून बरणीत. माझी लेक शाळेतून आली की आधी आत्याच्या बरण्या हुंगणार, मग आई आहे का मेली ते बघणार.

एकदा मी हौसेनं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. संध्याकाळी घरी येते तो बाईंनी सगळ्या घासून काढलेल्या. "चिठ्ठ्या कशाला गं? बोट लावलं, जिभेला लावलं, की कळतं. तुला नाही कळत होय?" म्हणजे मूर्ख मीच. पालथ्या घड्यावर पाणी! पण खोटं कशाला बोलू, त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं. बोट, जीभ, झाकण, झालं. आणि शिजत्या पातेल्यात दुसऱ्या कुणी चमचा घातला की हातावर फटका. "वाढल्यावर कळेल चव. तोवर दम धरा."

गेल्या थंडीत त्यांना सणसणून ताप आला. ताप उतरला आणि नवंच खूळ सुरू झालं. दिसेल त्याच्या तोंडात चमचा. "चव बघ गं." मी दात घासतेय, "चव बघ." मी साडीला पिना लावतेय, पिना ओठांत, तरी "आ कर, चव बघ." ह्यांना फोनवर बोलता बोलता सॉस भरवला. मीठ बरोबर आहे का, आंबट झालंय का, गोड पुरेसं आहे का, करपल्याचा वास येतोय का. माझ्या तर नाकी नऊ आले. इतकी वर्षं कुणाला चमचा लावू दिला नाही, आणि आता काय हे? मला वाटलं, म्हातारपणी कौतुक करून घ्यायची हौस आलीय. मी न चाखताच "छान, छान" म्हणून सुटका करून घ्यायला लागले.

मी दातांच्या एका डॉक्टरांकडे काम करते. पेशंटला वेळ द्यायची, फोन घ्यायचे, दुपारी डॉक्टरांना चहा द्यायचा. त्या दिवशी वन्संनी लोण्याची बिस्किटं केली होती. सकाळी घरात कुणी नव्हतं, म्हणून चव बघायला कुणी सापडलं नाही. मी दुपारी जेवायला आले, बिस्किटांचा डबा उचलला आणि घाईनं तशीच निघाले. डॉक्टरांनी चहाबरोबर अख्खं बिस्किट तोंडात टाकलं आणि पेशंटनं चूळ थुंकायच्या भांड्यात जाऊन थुंकले. खुर्चीतला पेशंट आ वासून बघतोय! मी एक तुकडा चाखला. पिठीसाखरेच्या जागी मीठ. नुसतं मीठ! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी गेले ती फणफणतच. डबा ओट्यावर आपटला. "खा! खाऊन बघा तुमची बिस्किटं!"

त्यांनी एक उचललं. चावलं. गिळलं. आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बरी झालीत की. थोडी जास्त भाजली गेलीत का?"

माझा राग जागच्या जागी थिजला. मी समोरचा एक डबा उघडून पुढे केला. "हे काय आहे, वन्सं?" त्यांनी बोट लावलं, जिभेला लावलं. बराच वेळ तोंडात घोळवलं. मग डब्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, उत्तर तिथे लिहिलंय का म्हणून. "साखर," म्हणाल्या. ते मीठ होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. वास नाही, चव नाही. माती खाल्ली काय नि साखर खाल्ली काय."

"मग बोलायचं नाही? इतके महिने? डॉक्टरला दाखवलं असतं!"

"दाखवलं. पलीकडच्या गल्लीतल्या. ते म्हणाले, येईल तर येईल, नाहीतर नाही." पदरानं ओटा पुसत राहिल्या. पुसायला तिथे काही नव्हतं. "माझ्या भावाला सांगू नकोस. मला स्वयंपाक येतो म्हणून मी इथे आहे. स्वयंपाकच गेला तर मी इथे कोण गं? कोपऱ्यात बसून आयतं खाणारी?"

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलेच. "तुम्हाला घराबाहेर काढायला आम्ही काय राक्षस आहोत?" इतकी चिडले मी, इतकी चिडले, की डोळ्यांत पाणी आलं. आणि वर ती बाई मलाच म्हणते, "हळू बोल, शेजारी ऐकतील."

झालं. त्या दिवसापासून मी त्यांची जीभ. सकाळी कामावर निघायच्या आधी सगळं चाखायचं, दुपारी आल्यावर चाखायचं. शेगडीच्या डावीकडे मीठ, उजवीकडे साखर, असं मी ठरवून दिलं, आणि त्यांनी एकदाचं ऐकलं. बाकी तोरा तोच. "मीठ कमी आहे, वन्सं." "कमी नाही, तुझी जीभच तिखटाला सोकावलीय." अहो, चव तुम्हाला कळत नाही आणि वाद माझ्याशी! कपाळ माझं.

पण ह्यांना वास लागलाच. डब्यात उरलेलं एक खारट बिस्किट लेकीनं खाल्लं होतं आणि ती गोष्ट ह्यांना रंगवून सांगितली होती. मध्ये एकदा दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि वन्सं शेजारी शांतपणे शेंगदाणे सोलत बसलेल्या. एका संध्याकाळी हे मला म्हणाले, "आक्का थकली गं. फार राबली आयुष्यभर. स्वयंपाकाला बाई लावू, हिला आराम देऊ." मनानं चांगला आहे हो माझा नवरा. त्याचाच तर ताप आहे. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही मोह झाला. स्वयंपाकघर परत मिळत होतं, भांडण न करता, सुंठीवाचून खोकला जात होता. पण मला तो ओटा पुसणारा हात आठवला. "बघू पुढे," म्हणून मी विषय टाळला.

मग तो रविवार. हे सकाळी उत्साहात उठले आणि 'आक्काला मदत' म्हणून फडताळ पुसून काढलं. डबे खाली, डबे वर. मी गॅलरीत माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होते. आत टोमॅटोचं सूप उकळत होतं, आणि वन्संनी ठरल्याप्रमाणे डावीकडच्या डब्यात हात घातला.

टेबलावर पहिला घोट ह्यांनी घेतला आणि चमचा खाली ठेवला. लेकीनं तोंड वाकडं केलं. मी चाखलं. अरे देवा, सरबत! सूप कसलं, टोमॅटोचं गरम सरबत. वन्संनी आमची तोंडं पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आक्का," हे अगदी मायेनं म्हणाले, "आता पुरे हं. उद्यापासून बाई येईल. तू नुसती बस."

 वन्सं टेबलाची कड धरून उठायला लागल्या.

"सूप मी केलंय," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "अहो, असं काय बघताय? मी केलंय. वन्सं नको म्हणत होत्या, मीच हट्टानं केलं. डब्यांत गोंधळ झाला माझा."

वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ह्या रडणार, सगळं बाहेर पडणार. तर बाई कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या. "तरी म्हटलं! किती वेळा सांगितलं हिला, माझ्या डब्यांना हात लावू नकोस म्हणून! एवढी मोठी बाई, मीठ-साखर कळत नाही? लोक हसतील अशानं! आणि तू रे, बाई कसली लावतोस? मी मेलेय का? हिलाच नीट शिकवते आता." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. हे हसायला लागले. लेक खिदळली. "आईला दोन दिवस शिक्षा," म्हणाली कार्टी. आणि बाईचा विषय तिथल्या तिथे मिटला.

मी सूपचं पातेलं उचललं आणि दाणदाण आत गेले. मागून वन्सं आल्याच. आज सोडायचं नाही, चांगलं सुनवायचं, असं ठरवून मी वळले. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. डोळे गच्च भरलेले, आणि आवाज मात्र बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असा खणखणीत: "काही म्हणून येत नाही तुला! आईनं काही शिकवलंच नाही का?"

मनगट सोडेनात. अरुंद जागा, मागे सरायलाही वाव नव्हता.

"चुकलं माझं, वन्सं!" मीही ओरडले, बाहेर नीट ऐकू जाईल इतक्या जोरात.