झिंगुर सहनी आणि कोसीवरचा नवा पूल

पुलाबद्दल काही विचारायचं असलं की आमचं गाव झिंगुर सहनीकडे जायचं. कोसी नदीवर पहिला पूल होत होता तेव्हा तो काँक्रीटवर पाणी मारायच्या कामावर होता. जे काँक्रीट तीन आठवडे ओलं ठेवायचं, तिथला पंप सहाव्या दिवशीच उचलून नेलेला त्याने पाहिला आणि काम जाईल म्हणून तोंड मिटून घेतलं. पुढे तो भाग कोसळला. खाली सळया बांधत त्याचा धाकटा भाऊ बिलट उभा होता.

चौदा वर्षांनी शेजारीच नवा पूल झाला. ठेकेदार दुसरा, इंजिनियर दुसरे. पूल पक्का आहे हे दाखवायला त्यावर वाळूने भरलेले ट्रक दिवसभर उभे केले. झिंगुर एवढंच म्हणाला, "ट्रक एक दिवस उभे राहतात. माणसांना जन्मभर जायचंय." झालं! अर्धं गाव होडीनेच जात राहिलं.

त्याची बायको सुगिया मात्र हसायची. "कोसीला कुठल्या ठेकेदाराने बांधलंय? तीही बुडवतेच की!"

चैत्रात एका दुपारी सुगियाच्या छातीत कळ आली. शेजारचा सकलदीप आपला टोटो, बॅटरीवरची रिक्षा, घेऊन दारात आला.

"काका, बसवा काकीला. दहा मिनिटांत दवाखाना."

"होडी सांग."

"अहो, पाणी उतरलंय! वाळूला वळसा घालत तास जाईल."

"होडी सांग म्हटलं ना!"

"पुलावरूनच चला ना हो," सुगिया म्हणाली. त्याने तिला उचललं आणि घाटाकडे चालू लागला.

होडी मधेच वाळूत रुतली. नावाडी उतरून ढकलू लागला. वरून गाड्या धडधडत जात होत्या. सुगिया पुलाकडे बघत होती. पलीकडचा काठ यायच्या आत तिचा हात गार पडला.

त्याला कुणीच बोल लावला नाही. तेच त्याला सोसवेना. तेराव्यानंतर सुगियाचं लुगडं तिच्या बहिणीला द्यायला तो पुलावरून पायी निघाला. ट्रक गेला की कठड्याला धरून थांबायचा. मागून सकलदीप आला.

"बसा काका, सोडतो."

"नको रे. तिला नेलं नाही, मी कसा बसू?"

त्याला पुलावरून जाताना पाहून दुसऱ्या दिवसापासून उरलेलं गावही पुलावरून जाऊ लागलं. पूल पक्का आहे का, असं अजून कुणी विचारलं, तर झिंगुर मान खाली घालून आत निघून जातो.