बसकण मारलेला बैल

जुना मोबाइल टाकून द्यायला काढला, तर त्याच्या कव्हरच्या फटीत वाळलेली काळी माती दिसली. बाळापूरजवळच्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते, तेव्हाची ती माती. पोळा जवळ आला होता. मुलांनी मातीचे बैल केले, माझा मोबाइल पुस्तकांना टेकवून ठेवला, आणि बैल जरासा सरकवायचा, फोटो काढायचा, परत सरकवायचा, असा सिनेमा करायला घेतला. वर्गभर ओल्या मातीचा वास. फोटो भराभर पळवले की बैल खरंच चालायचे. एका मुलीच्या बैलाने मात्र धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसकण मारली ती मारलीच. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी सिनेमा बघायला आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, हा बैल आळशी वाटतो. त्याला नांगर ओढताना दाखवा, तरच पाठवता येईल." मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी उभी राहिली. "सर, सिनेमात पोळा हाये. पोळ्याले बैल कोणी जुपते का? मी नाही जुपत." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मग नका पाठवू," मी म्हटलं. पोळ्याच्या संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर आम्ही तो सिनेमा लावला. दिवसभर आपले बैल मिरवून आलेली माणसं समोर बसली होती. बैल खाली बसला तशी सगळी ओरडली, "बसू दे त्याले!" आजही मुलांनी केलेलं काही समोर ठेवलं की कुणीतरी म्हणतंच, मॅडम, एवढं जरा नीट करून द्या. मग मीही बसकण मारते.