प्रभाताईंनी माझ्या अडकायच्या जागा लिहून ठेवल्या

फोन आला तेव्हा मी आरोहीच्या बालवाडीच्या दारात उभी होते. नंबर प्रभाताईंच्या भाच्याचा, आणि हा माणूस मला कधी फोन करत नाही, म्हणून घाबरून मी उचललाच नाही. परत वाजला, तेव्हा घेतला. "आत्या गेली गं. सकाळी चहा गाळायला उठली आणि..." मी म्हटलं, "असं कसं, काल तर माझ्यावर ओरडल्या त्या!" बाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता चार आठवडे झाले. सासू म्हणते, एकदा रडून घे, मोकळी हो. मला रडूच येत नाही. मला राग येतो, नुसता राग, आणि तो कुणाकुणावर आहे ते सांगायला हे लिहायला बसलेय. मी नववीत शाळा सोडलेली, लिहायची सवय नाही, बोलते तसंच लिहिणार, चुकलं तर चुकलं.

ताई लालबागला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायच्या. एकट्या. परळला एका छापखान्यात मशीनची माहितीपुस्तकं छापायचे, लिफ्ट, पंप, शिलाई मशीन असली, त्यांची प्रुफं तपासण्यात ताईंचा जन्म गेला आणि त्यात त्यांचं डोकं कायमचं तापलं. "लिहिणाऱ्याने पंप बघितलेला नाही आणि पंप उघडणाऱ्याला लिहिलेलं कळत नाही," असं म्हणायच्या. रिटायर झाल्यावर त्यांना एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. फुकटचं म्हणजे जगभरातले लोक मिळून बनवतात, मालक कुणी नाही, कुणीही वापरा. त्यात अशी मशीनची, शास्त्राची पुस्तकं तयार करता येतात. आपण साधं टाइप करायचं, मध्ये मध्ये खुणा द्यायच्या, हे मोठं नाव, हा तक्ता, ही तळटीप, मग स्क्रीनवरच्या एका काळ्या खिडकीत एक ओळ लिहून एंटर मारायचं की छापायला द्यायचं पान तयार. पण ते शिकायची माहिती सगळी इंग्रजीत, आणि ती पण ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी! ताईंनी ठरवलं, ही माहिती मराठीत लिहायची, ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी. नेटवर असली कामं हौसेने करणारा एक ग्रुप होता, सगळे शिकलेले, इंजिनियर, त्यात ह्या शिरल्या.

आरोही तेव्हा पाच महिन्यांची होती. मी घरात बसून इमिटेशनच्या माळा ओवत होते तर ताई दारात.

"तुला कॉम्प्युटर येतो?"

"नाही हो ताई."

"इंग्रजी?"

"थोडं थोडं... नाही."

"भीती वाटते?"

"कशाची?"

"कशाचीही."

मी माळ बाजूला ठेवली आणि मान डोलावली. तर म्हणतात, "छान. मग तूच पाहिजेस. पोरीला घे आणि चल."

मला एवढा अपमान वाटला ना! नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तुझं न येणं उपयोगी पडलंय, जा. गेले. तर त्यांची पद्धत अशी की मला लॅपटॉपसमोर बसवायचं, त्यांनी लिहिलेला कागद माझ्या हातात द्यायचा, आणि स्वतः मागे उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. सांगायचं काही नाही, बोट लावायचं नाही. मी विचारलं, ताई आता काय करू, तर म्हणायच्या, "मला विचारू नकोस, मी मेलेय असं समज, कागद काय म्हणतो बघ." असं बोलायच्या, बघा! मी अडकले की ती माझी चूक नाही, कागदाची. लगेच वहीत लिहायच्या, इथे ही थांबली, इथे हिने असं केलं. दोन-दोन दिवस त्या एका जागेवर बसायच्या आणि कागद बदलून आणायच्या. मी फोल्डरला नाव दिलं, मध्ये जागा सोडून, काहीच चालेना, त्याचं कागदात एक वाक्य वाढलं. मराठी अक्षरांचा फॉन्ट सांगायचा राहिला आणि अख्खं पान कोरं आलं, फक्त खाली एक आकडा. मी रडायला लागले, तर त्या म्हणाल्या, "रड, पण आधी सांग, कुठपर्यंत बरोबर वाटत होतं?" त्याचं अर्धं पान झालं.

सगळ्यात मोठी गंमत त्या काळ्या खिडकीची. ओळ लिहिली, एंटर मारलं, आणि काही नाही. पुढे काही आलंच नाही, 'झालं' असं नाही की 'चुकलं' असं नाही. मी परत मारलं. परत. सात-आठ वेळा. ताईंचा लॅपटॉप मोडला, आता काय करू! तेवढ्यात ताईंनी त्यांचा नियम मोडला, काम चालू असताना त्या एकदाच काय ते बोलल्या, "एवढी का घाबरलीस?" मी म्हटलं, "घरात पोर गप्प झालं की आईने धावायचं असतं ना ताई, हे गप्प आहे." त्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि वही ओढली. कारण त्या मशीनचं उलटं असतं, बिघडलं तर ते बोंब मारतं आणि काम झालं तर गप्प बसतं. शिकलेल्यांना हे इतकं माहीत असतं की कुणी कुठे लिहीतच नाही. ताईंनी लिहिलं. माझंच वाक्य घातलं. 'घरात मूल गप्प झालं की आई धावते. इथे धावू नका. ही खिडकी गप्प राहिली म्हणजे काम झालं. एंटर एकदाच मारा आणि फोल्डर उघडून बघा.' ते नेटवर वाचून रत्नागिरीवरून एका बाईंनी कळवलं होतं की मी तीन वेळा सोडून दिलेलं, ह्या वाक्याने पुढे गेले. मी ते पत्र किती वेळा वाचलंय!

आणि हेच वाक्य ग्रुपवाल्यांनी काढलं. चाळ पाडायला घेतली, ताई भाच्याकडे वरळीला गेल्या, आम्ही नायगावला भाड्याने आलो, तरी ताईंनी दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर नि फोनवर काम चालू होतं. ताई ग्रुपला मेल करायच्या, हे नवीन पान बघा, हे तपासा. महिना महिना उत्तर नाही. एकदा उत्तर आलं, 'भाषा अनौपचारिक आहे.' बस. त्यावर मी म्हटलं, जाऊ दे ना ताई, त्यावरूनच त्या शेवटच्या दिवशी माझ्यावर ओरडल्या, "जाऊ दे म्हणशील तर तुझ्यानंतरची अडकलेली बाई कुणाला विचारेल?" आणि त्या गेल्यावर दादरला हॉल घेऊन शोकसभा! जिवंतपणी एक ओळ लिहायला वेळ नव्हता त्यांच्याकडे माईक होता, हार होता, ज्ञानाची उपासक काय, मराठीची सेविका काय. मी मागे आरोहीला कडेवर घेऊन उभी. शेवटी केदार म्हणून एक जण उठला, ग्रुपचं तोच बघतो, म्हणाला, ताईंची पुस्तिका आम्ही नेटकी केली आहे, घरगुती भाग वगळले, पुढच्या सोमवारी नवी आवृत्ती नेटवर जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! कच्ची प्रत बघायला त्याने लिंक दिली, ती मी फोनवर उघडली. त्यातलं पोर गेलं, आई गेली, कोरं पान गेलं. मी बोलले का? नाही बोलले. एवढे शिकलेले लोक, मी काय बोलणार...

पण जिन्यात तो एकटा सापडला आणि माझ्या तोंडातून निघालंच. "तुम्ही ते कुणाला करायला लावून बघितलंत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याला येत नाही त्याला. समोर बसवून."

"आम्ही सगळ्यांनी वाचलंय, ताई."

"मला ताई म्हणू नका. रविवारी नायगावला या. तुमची पुस्तिका घेऊन या."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला, बिस्किटाचा पुडा घेऊन आला. मी शेजारच्या रंजनावहिनींना लॅपटॉपसमोर बसवलं, त्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात, कॉम्प्युटरला त्यांनी फक्त फडकं मारलेलं. केदारला मागे उभं केलं. पहिल्या पाच मिनिटांत त्याने तीनदा माऊसला हात घातला. तिसऱ्यांदा मी हातावर चापट मारली, खरंच मारली. "हात मागे! कागद बोलेल!" मग वहिनींनी ओळ लिहिली, एंटर मारलं आणि थांबल्या. परत मारलं. परत. "गो बाय, ह्या काय बोलणाच नाय... मोडला काय गो माझ्या हातान? पैसे भरून मागतीत काय माका?" आणि उठायलाच लागल्या. केदारने वहिनींसमोरचा कागद उचलून परत वाचला. मग हळूच म्हणाला, "हे मला कधी... मला हे दिसलंच नव्हतं." मी म्हटलं, "ताईंना दिसलेलं. तुम्ही खोडलंत." त्याने तिथेच बसून वाक्य परत घातलं. 'मूल' काढून 'बालक' करू का म्हणाला. मी म्हटलं, हात मागे! त्याने नाही केलं. सगळे कापलेले भाग परत आले, सोमवारी तसेच गेले. मी त्याला माफ केलेलं नाही, हे त्याने वाचलं तर वाचू दे.

तो गेला तरी वहिनी उठेनात. पोळ्यांच्या कँटीनचं माहितीपत्रक करायचं त्यांच्या डोक्यात बसलं. नाव आलं, तक्ता आला, आणि मग त्यांनी ताईंचं शेवटचं पान उलटलं. वर लिहिलंय, 'चित्र कसं घालावं'. खाली काही नाही.

"फुडे काय करू गो?" वहिनी म्हणाल्या.

आणि तेव्हा मला ताईंचाच राग आला. असं अर्ध्यात कोण उठून जातं? मला चित्राचं येत नाही, मी कुणाला विचारू... आरोही खेळता खेळता आमच्या दोघींकडे बघत होती. मी वहिनींना म्हटलं, सरका जरा. ताईंसारखी वही घेतली, तारीख घातली, पेन उघडून मांडीवर ठेवलं.

"तुका येता?" वहिनींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आधी मी अडकते. मग तुम्ही."