वाडीत नसलेले चिकू

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही मनात येतंच – तुम्ही कुठे बोलणार तर नाही ना? स्वभावच असा झालाय माझा.

पाम गावात आमची चिकूची वाडी होती. झाडं तोडून मी तिथे खोल्या बांधल्या, बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी. वरचा ब्लॉक एका सुपरवायझरला दिला. भाडं चांगलं यायचं. आणि रिटर्नमध्ये? रिटर्नमध्ये चिकू! शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून सगळं भाडं मी चिकूचं उत्पन्न म्हणून दाखवत गेलो. झाडं मोजायला कोण येतंय?

तरी कागद हवा, म्हणून शेजारच्या वाडीवाल्या चुलतभावाकडे, दिगूकडे, त्याच्या मालाच्या विक्रीपट्ट्या माझ्या नावावर करून मागितल्या. तो म्हणाला, "दादा, झाडं माजी हायत. असला कागद मी नाय देनार."

मग आयकर खात्याची नोटीस आली. कर, व्याज, वर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड. मला एकच नाव सुचलं. तो फोनवर हळू का बोलतो? मला बघून आडवाटेला का वळतो? मी गावभर सांगितलं – दिगूनं चहाडी केली. त्याचा टेम्पो माझ्या जागेतून जायचा, ती वाट बंद केली. त्याची बायको चिकूच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून जाऊ लागली. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

पुढे करसल्लागारानं एक कागद समोर ठेवला. सुपरवायझरनं करसवलतीसाठी कंपनीत दिलेली भाडेपावती. तिच्यावर माझा पॅन नंबर, माझीच सही. गणपतीच्या गडबडीत मीच करून दिली होती, धड न वाचता. खात्याला भाडं कळलं ते त्यावरून; दिगूचा काडीचा संबंध नव्हता.

मग सांगितलं का त्याला? – त्याच आठवड्यात तो स्वतःच आला, नातीला कडेवर घेऊन. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, हिची शपत. मी नाय सांगितलं."

मला खरं माहीत होतं. पावतीची झेरॉक्स माझ्या खिशात होती. तरी मी म्हटलं, "शपथ काय, कुणीही घेतं."

पोर माझ्याकडे बघून हसत होती. तो मान खाली घालून गेला.

दंड मी भरून टाकला. गावात अजून दिगूलाच चहाडखोर म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.