केशराच्या पुडीमागे आसेगावला

मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावकडे मी पहिल्यांदा गेले ती फिरायला नव्हे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी अकोल्याला कॉलेजात होते, विषय वनस्पतीशास्त्र. माझी मोठी बहीण विमलताई आसेगावजवळच्या एका वस्तीवर दिलेली, तिला सातवा महिना. मी स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्याकडून केशराची पुडी घेतली आणि सोबत चिठ्ठी लिहून ताईच्या दिराच्या हाती पाठवून दिली.

चिमूटभर केशर स्वतःसाठी ठेवलं होतं. आठ दिवसांनी ते मोठ्या कौतुकाने प्रयोगशाळेत नेलं. सरांनी ते पाण्यात टाकलं, भिंगाखाली धरलं.

"हे केशर नाही. केशराची काडी टोकाला तुतारीसारखी रुंदावते. या करडीच्या पाकळ्या आहेत. पण या लांब लाल काड्या कसल्या, ते सांगता येत नाही."

"कळलावी असेल का सर?"

कळलावीचं फूल लाल-पिवळं, आणि झाड नखशिखांत विषारी. त्याने कळा सुरू होतात, म्हणून तर ते नाव.

"तू उद्याच जा," ते म्हणाले. "मी तपासून ठेवतो."

पहाटेची एसटी धरली. बार्शीटाकळी, महान, मग मंगरूळपीर. तिकीट दोन-तीन रुपयांचं असेल, रस्ता मात्र हाडं मोजणारा. अडीच-तीन तास मी खिडकीची दांडी धरून बसले होते. मंगरूळपीरच्या स्टँडवर गरम भजी मिळायची, दर्ग्याला आलेली मंडळी चहा पीत बसलेली. मी गाडीच्या चौकशीला पुन्हा पुन्हा खिडकीशी जात राहिले. आसेगावची गाडी दुपारी निघाली.

फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वस्तीवर जाणारी पायवाट करडीच्या वावरांमधून. तुम्ही जाणार असाल तर माघात जा. आधी पिवळी धमक असलेली फुलं सुकता सुकता केशरी, मग तांबडी होतात. जवळ जाताना पदर सांभाळा, पानापानाला काटा असतो. म्हणून तर ढोरं आत शिरू नयेत यासाठी ज्वारीच्या कडेने करडी पेरतात.

बांधावर गयाबाई नावाची एक म्हातारी भेटली. वस्तीवरचीच. ती सोबत चालू लागली.

"कोणाकडं चालली वं पोरी? तोंड असं काहून उतरलं?"

सरांकडे दिलेल्या चिमटीतल्या थोड्या काड्या मी सोबत आणल्या होत्या, त्या तिला दाखवल्या. तिने तळहातावर थुंकी लावून चोळल्या.

"हे तं आमच्या करडीचं फूल हाय. माही आजी याच्यात लुगडे रंगवे, कुसुंबी म्हणत त्याले. पण ह्या लाल काड्या मले ओळखू नाही येऊन राह्यल्या."

"कळलावी?"

ती थांबली. "माह्या गाभण बकरीनं खाल्ली होती एकदा. राह्यली नाही."

पुढची वाट मी जवळजवळ पळत गेले. काट्यांनी पिंढऱ्या ओरबाडल्या, तेही नंतरच कळलं.

ताई बाजेवर कुशीवर झोपली होती. कालपासून पोट दुखतंय, म्हणाली. मला पाहून हसली आणि लगेच ओठ दाबून पोटाशी दुमडली. मी बाहेर येऊन ताईच्या सासूला, सरूमावशीला, एवढंच म्हटलं, "हिला आत्ताच दवाखान्यात न्यायचं."

बैलगाडी जुंपली. मंगरूळपीर येईपर्यंत मी ताईचा हात सोडला नाही. प्रत्येक हादऱ्याला ती कण्हायची. सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं, सुई दिली. बाहेरच्या बाकावर मी मावशीला सगळं सांगून टाकलं. पुडी, सर, कळलावी. ती हाकलून देईल, या तयारीने.

मावशी पदराचं टोक पिळत म्हणाली,

"रोज चिमूट टाकजो म्हणून चिठ्ठीत लिहलं होतं तुनं. म्या दोन-दोनच काड्या टाकल्या दुधात. महागाची चीज. पोरगं होईस्तोवर पुरवाची होती." मग म्हणाली, "विमलले काही सांगू नको. भेली तं आणखी दुखंन."

दोन दिवसांनी दुखणं थांबलं. कशाने उठलं होतं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मावशीने कमरेला जपून खोचलेली उरलेली पुडी दवाखान्यामागे खड्डा करून पुरली आणि मी अकोल्याची गाडी धरली.

सर वाटच पाहत होते. लाल काड्या म्हणजे रंगवलेले मक्याचे केस निघाले. कळलावी नव्हती. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. रंग कसला होता, हे मात्र कधीच कळलं नाही.

ताईला दिवस भरल्यावर मुलगी झाली, धडधाकट. पुढे त्या वाटेने मी कितीदा तरी गेले, करडीची भाजी आणि ज्वारीची भाकर पोटभर खाल्ली. तरी फुललेलं वावर दिसलं की पहिली काही पावलं आजही जड पडतात.

मावशीने ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. दोन वर्षांनी ताईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मावशीने गावातल्या मास्तरकडून मला पत्र लिहून घेतलं. मजकूर एका ओळीचा: "केसर तूच पाठवजो. तुले आता पारख हाय."